निजसुऱ्यांचा ॲडॅप्टर

वासुदेव निजसुरे यांचं जगात फारसं कोणाविषयीच बरं मत नव्हतं. पण बीमरपुढे वाकून वायर चाचपणाऱ्या माणसाविषयी विशेषच वाईट होतं. बीमर म्हणजे प्रोजेक्टर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये सगळे त्याला बीमर म्हणतात, आणि तिथे अर्धा जन्म काढल्यामुळे निजसुरेही तसंच म्हणत. मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली की कोणीतरी लॅपटॉप उघडायचा, वायर हातात घ्यायचा आणि ओशाळं हसत विचारायचा, ॲडॅप्टर आहे का कोणाकडे? मग निजसुरे खुर्चीत मागे रेलून, एकेक शब्द चघळत म्हणायचे, "छान. फारच छान." जर्मनांसमोर हेच ते जर्मनमध्ये म्हणायचे. अर्थ दोन्हीकडे पोचायचा.

तसं त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. पूर्वी लॅपटॉपच्या पाठीला पंधरा भोकांचं निळं तोंड असायचं, बीमरच्या वायरीला पंधरा टाचण्या असायच्या, आणि एकात दुसरं बसायचं. इतकी सरळ गोष्ट होती, म्हणूनच ती कोणाला बघवली नाही. मग एकानं पांढरं पसरट तोंड काढलं, दुसऱ्यानं त्याहून चिमुकलं, तिसऱ्यानं अगदी त्याच्यासारखं दिसणारं पण त्यात न बसणारं. बीमर मात्र छताला टांगलेले, जुनेच. त्यांची वायर भिंतीतून आलेली, तीही जुनीच. नवा लॅपटॉप आणि जुनी वायर यांच्यामध्ये वीतभर शेपटीचा एक ठोकळा लावल्याखेरीज भिंतीवर काडीचं चित्र उमटेना. ज्या देशात गाडीच्या दाराच्या फटीत केस शिरत नाही, त्या देशातले भलेभले डॉक्टरेटवाले टेबलाखाली गुडघ्यांवर रांगताना निजसुऱ्यांनी पाहिले होते. भिंतीवर निळ्या चौकोनात 'सिग्नल नाही' एवढंच झळकायचं. मग कोणी ही कळ दाब म्हणायचा, कोणी ती, कोणी सगळं बंद करून पुन्हा सुरू कर म्हणायचा. त्यांच्या कंपनीत अख्ख्या मजल्याला मिळून एक ॲडॅप्टर होता, आणि तो नेहमी कालच्या मीटिंगवाल्याच्या खिशात घरी गेलेला असायचा.

निजसुऱ्यांनी स्वतःचा ॲडॅप्टर घेतला होता. नवे लॅपटॉप हातात पडले त्याच जुलैत. ते तो चष्म्याच्या जुन्या घरात ठेवत, ते घर कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, आणि कोणालाही देत नसत. देत नसत म्हणजे शब्दशः देत नसत. विभागप्रमुख हेर बेरेन्स (हेर म्हणजे श्रीयुत) यांनी एकदा मागितला, तर निजसुऱ्यांनी त्यांना तो कोणत्या दुकानात मिळेल ते सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये हृषिकेश घैसासची पाळी आली. हृषिकेश त्यांच्याच हाताखालचा, नाशिकचा, नुकतं लग्न झालेला, वर्षावर्षाच्या करारावर लागलेला. त्याचं पहिलंच सादरीकरण होतं आणि मजल्याचा ॲडॅप्टर बेपत्ता होता. तो निजसुऱ्यांपाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, दहा मिनिटांपुरता तुमचा ॲडॅप्टर मिळेल का?"

निजसुरे मराठीत, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पेन विसरून परीक्षेला बसायची सवय आहे का तुला? छान. फारच छान."

हृषिकेशनं लॅपटॉपचा इवलासा पडदा लोकांकडे वळवून, ओणवा होऊन सगळं सांगितलं. मागच्या रांगेतले लोक आधी माना ताणत होते, मग खिडकीबाहेर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी हृषिकेशनं स्वतःचा ॲडॅप्टर आणला, आणि निजसुऱ्यांना वाटलं, पोराला वळण लावलं.

माणूस कामात मात्र पक्का होता, हे त्यांना पाण्यात पाहणाराही नाकारत नसे. काम होतं गंजाचं. मूळचे रत्नागिरीचे, खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज कसे पापुद्रे धरतात ते लहानपणापासून पाहिलेलं. इथे ते गंज तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मिठाच्या पाण्याचं धुकं भरलेल्या मोठाल्या पेट्या, त्यांत गाड्यांच्या बिजागऱ्या, स्क्रू, पट्ट्या टाकायच्या आणि त्या कधी आणि किती गंजतात ते बघायचं. इथल्या हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ ओततात, त्यामुळे हा खेळ नव्हे. कंपनीत त्यांना मागून 'रोस्ट' म्हणत. रोस्ट म्हणजे गंज. ते निजसुऱ्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दोन हजार नऊ साल होतं. गाड्या खपत नव्हत्या, अर्धी कंपनी कुर्त्सआर्बाइटवर, म्हणजे कमी तास आणि कमी पगारावर होती. वरच्या लोकांच्या डोक्यात आलं की ही गंजाची प्रयोगशाळा कशाला पोसायची? हॅनोव्हरला एक बाहेरची प्रयोगशाळा आहे, तिच्याकडे पाठवू सगळे नमुने. तसं झालं तर निजसुऱ्यांना कुठल्यातरी कोपऱ्यात टेबल मिळालं असतं. त्यांच्या हाताखालच्या पाच जणांना तेही नाही. हृषिकेशचा करार तर डिसेंबरातच संपत होता. वाचायचा एकच मार्ग होता. ज्यांच्यासाठी हे सुटे भाग बनत, त्या मोठ्या कारखान्याच्या फ्राउ, म्हणजे बाई, डॉक्टर ल्यूडर्स येऊन पाहणार होत्या. त्या म्हणाल्या की आमचा ब्राउनश्वाइगच्या मोजमापांवर विश्वास आहे, तर बेरेन्सची प्रयोगशाळेला हात लावायची छाती नव्हती. त्या मंगळवारी येणार होत्या. आदल्या दिवशी, सोमवारी, दसरा होता.

दसऱ्याला निजसुऱ्यांच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. हा माणूस एरवी देवाधर्माला नाकं मुरडणारा. ऑफिसात त्याचा वाससुद्धा येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. हृषिकेश एकदा सत्यनारायणाहून थेट कामावर आला, तर "घरचं घरी ठेवायचं. इथे आपण इंजिनियर आहोत," म्हणून त्याला कपाळ पुसून यायला लावलं होतं. पण दसऱ्याची पूजा त्यांच्या वडिलांनी केलेली, आजोबांनी केलेली, म्हणून घराचं दार लावून तेही करत. कोणी विचारलंच तर बायकोची, कुंदाची हौस म्हणून सांगत.

कुंदानं पाट मांडला होता. स्क्रूड्रायव्हरचा संच, कुंदाची कात्री आणि शिवणयंत्राची सुई, गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप. दुकानातून कुंडीसकट आणलेल्या झेंडूची फुलं. शेवटी निजसुऱ्यांनी चष्म्याचं घर उघडून ॲडॅप्टर मधोमध ठेवला.

पंधरा वर्षांची इरा दारात उभी राहून बघत होती. "पापा, दास इस्ट आइन आडाप्टर," ती म्हणाली. पापा, हा तर ॲडॅप्टर आहे.

"म्हणूनच," निजसुरे म्हणाले. "उद्याचं खरं हत्यार हेच आहे."

कोरडं कुंकू प्लॅस्टिकवर ठरेना. तेव्हा त्यांनी वाटीत पाणी घालून ते चांगलं दाट कालवलं, आणि अनामिकेनं ॲडॅप्टरच्या पंधरा भोकांच्या तोंडावर भरभक्कम टिळा लावला.

"अहो, तिथे नको," कुंदा म्हणाली. "भोकांत जाईल. पाठीवर लावा."

"गणपतीला तू पाठीवर गंध लावतेस का?"

"तो गणपती आहे. हे वायरीचं टोक आहे."

"हे त्याचं तोंड आहे. टिळा तोंडालाच लागतो. चोवीस वर्षं यंत्रांत घालवली आहेत मी, तू मला तोंड कुठलं ते दाखवू नकोस." आणि ओल्या टिळ्यावर त्यांनी वरून अक्षता दाबल्या. घरात अख्खा तांदूळ उरला नव्हता म्हणून कुंदानं अक्षतांना तुकडा तांदूळ घेतला होता, बारीक कणीचा. तिनं निरांजन पुढे केलं. या घरात पुढे बोलून कोणाला काही मिळालं नव्हतं.

रात्री त्यांनी ॲडॅप्टर झटकला, वरवर रुमालानं पुसला आणि चष्म्याच्या घरात घातला. आत काय वाळत होतं ते पुसायला रुमाल आत जात नाही, एवढं साधं ज्ञान गंजाच्या तज्ज्ञाला त्या रात्री झालं नाही.

मंगळवारी खोलीत टेबलाच्या एका बाजूला फ्राउ ल्यूडर्स, बेरेन्स, बेरेन्सचे दोघे. दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेची माणसं, टोकाला हृषिकेश. निजसुऱ्यांनी चष्म्याचं घर काढलं, टिचकी वाजवावी तशा आवाजात उघडलं आणि सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं. आज टेबलाखाली कोणी रांगणार नव्हतं. ॲडॅप्टर लॅपटॉपला लावला, भिंतीतली वायर ॲडॅप्टरला. वायर जरा अडली. अडणारी गोष्ट जोरानं दाबायची असते असं निजसुऱ्यांचं एकंदर आयुष्याविषयीच मत होतं. त्यांनी ती दाबली आणि दोन्ही स्क्रू करकचून पिळले. भिंतीवर चित्र उमटलं. एका झटक्यात.

"बघा," ते म्हणाले, "हे असंही करता येतं. प्रश्न शेवटी विचारावेत. मध्ये कोणी बोलू नये."

जर्मन माणसाला प्रश्न शेवटी विचारा म्हटलं की तो शेवटीच विचारतो. निजसुऱ्यांनी भिंतीकडे पाठ केली. बोलताना मागे वळून बघणं हे कच्च्या माणसाचं लक्षण, असं ते सगळ्यांना बजावत. त्यांच्यासमोर लॅपटॉपचा पडदा होता आणि त्यावर सगळं झकास दिसत होतं: काळीभोर पाटी, निळ्या रेषेत जुने सुटे भाग, आणि लाल रेषेत त्यांच्या प्रयोगशाळेनं सुचवलेल्या नव्या लेपाचे भाग. पांढऱ्या पाटीवर आलेख काढणं त्यांना कारकुनी वाटायचं. लाल रंग त्यांनी गंजावरून निवडला होता.

ते सुंदर बोलले, हे कबूल करायलाच हवं. लाल रेषा पाहा, ती कशी खाली राहते. निळी इथे उसळी मारते, लाल हलत नाही. हिवाळ्याच्या शेवटीही लाल जिथल्या तिथे. आमची मोजमापं म्हणजे ही लाल रेषा. हृषिकेश मध्येच अर्धवट उठला. "सर," म्हणाला. निजसुऱ्यांनी त्याच्याकडे न बघता माशी हाकलावी तसा हात केला. तो बसला.

बोलून झाल्यावर फ्राउ ल्यूडर्सनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सौम्यपणे विचारलं, "हेर निजसुरे, कोणती लाल रेषा?"

निजसुरे वळले. भिंतीवरची पांढरी अक्षरं हिरवट-निळी पडली होती. काळ्या पाटीवर एकटी निळी रेषा उसळ्या मारत होती. लाल रेषा नव्हतीच. ज्या रेषेवर पाच संसार उभे होते ती काळ्यात काळी होऊन गेली होती, आणि ती नसताना ते तिचं कौतुक करत सुटले होते.

दोष काय तो त्यांना लगेच कळला. तेवढे ते हुशार होतेच. या जुन्या वायरीत प्रत्येक रंगाला वेगळी टाचणी असते आणि लाल रंगाची टाचणी लागत नव्हती. त्यांनी स्क्रू आणखी पिळले. काही झालं नाही. ते वाकले. वायर चाचपू लागले. मग ते गुडघ्यावर आले. खोलीत कोणीही "छान, फारच छान" म्हणालं नाही, ही त्या लोकांची सभ्यता.

"सर, माझा घ्या," हृषिकेश म्हणाला. त्याचा ॲडॅप्टर त्यानं पिशवीतून काढून टेबलावर ठेवला होता.

निजसुऱ्यांनी आपला ॲडॅप्टर ओढून सोडवला. वायरीचं तोंड मोकळं झालं तशी टेबलाच्या पांढऱ्या पत्र्यावर तांबूस पूड सांडली. कोपऱ्यातली एक टाचणी वाकली होती आणि तिला तांबडा थर चिकटला होता. फ्राउ ल्यूडर्स पुढे झुकल्या. गंज पाहिला की पुढे झुकायचं, ही त्यांनाही सवयच.

"हा रोस्ट आहे का?" त्यांनी विचारलं.

त्या खोलीत दोनच माणसांना ते काय आहे हे माहीत होतं. कालवलेलं, वाळलेलं, तांदळाच्या कणीसकट भोकात घट्ट बसलेलं कुंकू. हृषिकेशनं ते बघताक्षणी ओळखलं आणि त्याच्या चेहऱ्यावर, इतक्या ताणातही, हसू फुटलं.

"नाइन, फ्राउ डॉक्टर," तो म्हणाला, "रोस्ट नाही हा. काल आमचा सण होता. आम्ही त्या दिवशी हत्यारांची पूजा करतो, त्यांना लाल रंग..."

"आख, खरंच?" फ्राउ ल्यूडर्स हसल्या. त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसत होतं. बेरेन्ससुद्धा गालात हसले.

एवढंच करायचं होतं. "होय" म्हणायचं होतं. पण ते हसू निजसुऱ्यांना झोंबलं. घरात दार लावून जे करायचं ते हा पोरगा, एकदा कपाळ पुसून यायला लावलेलं असतानाही, भर मीटिंगमध्ये टेबलावर मांडत होता. आणि हे जर्मन आता जेवणाच्या सुटीत एकमेकांना सांगणार, की रोस्टसाहेब वायरीला टिळे लावतात. गंजाच्या पेट्यांसमोर ताठ मानेनं काढलेली सगळी वर्षं एका चिमटीत विकायला त्यांची तयारी नव्हती.

"काहीतरीच," ते जर्मनमध्ये म्हणाले. "थट्टा करतोय तो. गंजच आहे. थोडासा."

हृषिकेशचं तोंड उघडं होतं, ते त्यानं मिटलं. फ्राउ ल्यूडर्सचं हसू मावळलं. हृषिकेशनं पेनाच्या टोकानं वाकलेली टाचणी सरळ केली, पुसली, आपला ॲडॅप्टर लावला, आणि लाल रेषा आली. अगदी तळाशी, हिवाळा संपेपर्यंत न हललेली, देखणी. पण तिच्याकडे आता कोणी बघत नव्हतं. फ्राउ ल्यूडर्स टेबलावरच्या पुडीकडे बघत होत्या.

"हा ॲडॅप्टर किती जुना आहे?"

"जुलैत घेतला," निजसुरे म्हणाले.

"आणि एवढ्यात गंजला? म्हणजे तुमच्या खोलीच्या हवेतच मीठ आहे." त्या विचार करत बोलत होत्या, त्यांच्या आवाजात जरासुद्धा वाईटपणा नव्हता. "तुमच्या पेट्यांतल्या सेन्सरना असेच कनेक्टर आहेत ना? त्यांतली एखादी टाचणी नीट लागत नसेल तर? तुमची रेषा खाली राहते ती भाग चांगले आहेत म्हणून, की काही मोजलंच जात नाही म्हणून?"

याला उत्तर होतं. टेबलावर सांडलेलं होतं, बोटानं उचलून दाखवता आलं असतं. निजसुऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. बेरेन्सनी कागद गोळा केले.

निर्णय त्याच आठवड्यात कळला. पेट्या नाताळानंतर हॅनोव्हरला जाणार. पण निजसुऱ्यांना तो मंगळवारीच, खोली रिकामी होता होता कळला होता. ते वायर गुंडाळत उभे होते. हृषिकेश त्यांच्यापाशी आला. ओरडेल, निदान विचारेल, असं त्यांना वाटलं.

"सर, तेवढा माझा ॲडॅप्टर द्या," हृषिकेश म्हणाला. घेतला आणि निघून गेला.

घरी कुंदानं दारातच विचारलं, कसं झालं. नेहमीप्रमाणे निजसुरे सगळ्यांवर तोंडसुख घेत आत आले. बेरेन्सला अक्कल नाही, बाई संशयखोर, वायर भंगार, हृषिकेश आगाऊ. कुंदा ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं चष्म्याचं घर उघडलं, ॲडॅप्टर दिव्याखाली धरला, कालच पुजलेली शिवणयंत्राची सुई आणली आणि कोपऱ्यातल्या भोकातून एक लाल कणी अलगद उकरून तळहातावर घेतली.

"कुंकू आहे," ती म्हणाली. "पाठीवर लावा म्हणत होते मी."

"माहीत आहे मला."

"मग तिथे काय सांगितलंत?"

निजसुऱ्यांनी बूट काढले, जागेवर ठेवले, पुन्हा नीट ठेवले. "गंज," ते म्हणाले.

कुंदानं सुई खाली ठेवली. बेरेन्सविषयी, वायरीविषयी, त्या बाईविषयी आतापर्यंत जे जे ऐकलं ते सगळं तिच्या डोक्यात एकेक करून जागच्या जागी बसत असावं. हृषिकेशच्या बायकोला तिनं कालच, दसऱ्याचं सोनं म्हणून बागेतली पानं दिली होती. मग ती खुर्चीत बसून मागे रेलली.

"छान," ती एकेक शब्द चघळत म्हणाली. "फारच छान."

ते इतकं हुबेहूब होतं की आतल्या खोलीतून इरा, वडीलच आपल्यावर चिडले आहेत असं समजून, "यस, पापा?" म्हणत बाहेर आली.